तुकड्यातून पूर्ण देह

उसाची लागण करताना शेतकरी उभा ऊस तोडून त्याच्या कांड्या करतो. प्रत्येक कांडीवर एखाददुसरा डोळा शाबूत राहील एवढी काळजी तो घेतो, आणि ते बेणे सरीत दाबून वर पाणी सोडतो. काही दिवसांनी डोळ्यांतून कोंब वर येतात आणि पुढे त्यांचा पुरा ऊस होतो. या गोष्टीचे कोणालाही नवल वाटत नाही. वनस्पतीचा तो धर्मच आहे असे आपण धरून चालतो. पण हाच न्याय प्राण्यांना लावू गेल्यास तो लागू पडत नाही. भिंतीवरची पाल शेपूट टाकून पळते आणि तिला पुन्हा शेपूट फुटते. परंतु टाकलेल्या शेपटाला पाल फुटत नाही. माणसाची स्थिती तर याहूनही दीन आहे. कातडीची जखम भरते, मोडलेले हाड सांधते, यकृताचा काही भाग काढला तर उरलेले यकृत वाढून ती उणीव भरून काढते, हे खरे. तथापि गमावलेला हात पुन्हा येत नाही. तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही. आणि हृदयविकाराच्या झटक्यात जो स्नायू मरतो, त्याच्या जागी केवळ व्रण उरतो.

देवीच्या कथेतील रक्तबीज नावाच्या असुराच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून तसाच दुसरा असुर उभा राहत असे. पुराणकाराच्या कल्पनेची ही भरारी मानली जाते. परंतु गोड्या पाण्याच्या झऱ्यांत आणि डबक्यांत, दगडांच्या खालच्या अंगाला चिकटून राहणारा एक क्षुद्र जीव या कल्पनेच्या बराच जवळ जाऊन पोहोचलेला आहे. त्याचे नाव प्लॅनेरिया. चपटकृमींच्या वर्गातला हा प्राणी काही मिलिमीटर ते एखाददोन सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याला हृदय नाही, फुप्फुसे नाहीत, रक्तही नाही. डोक्यावर दोन काळे नेत्रबिंदू असतात, ते त्याला उजेड आणि अंधार यांतला भेद दाखवतात. तोंड मात्र डोक्याला नसून पोटाच्या मध्यावर असते. असे असले तरी त्याला मेंदू आहे, मज्जातंतू आहेत, स्नायू आहेत, आतडे आहे. म्हणजे अंगाने तो साधा असला तरी अगदीच मातीचा गोळा नव्हे.

या प्राण्याचे डोके कापून टाकले तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्याला नवे डोके येते, नवा मेंदू आणि नवे डोळे येतात. आणि कापलेल्या डोक्यालाही नवे धड येते. अठराव्या शतकात पीटर सायमन पॅलास या निसर्गशास्त्रज्ञाने हा चमत्कार नोंदवला. १८१४ साली स्कॉटलंडच्या जॉन ग्रॅहम डॅलियल याने त्यावर प्रयोग करून सुरीची धारही या कृमीपुढे हरते, असा अनुभव लिहून ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील थॉमस हंट मॉर्गन यांनी तुकडा किती लहान असला तरी पुरे होते याचा हिशेब मांडला. कृमीच्या देहाचा सुमारे २७९वा हिस्सासुद्धा पूर्ण कृमी घडवू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हेच मॉर्गन पुढे फळमाशीकडे वळले, आणि आनुवंशिकतेतील गुणसूत्रांच्या कार्याबद्दल त्यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कृमीने घातलेले कोडे मात्र त्यांच्या हातून सुटले नाही.

कोडे असे की, हा नवा देह कशापासून घडतो? कोणते बेणे तेथे दडलेले असते? सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांना कृमीच्या देहात सर्वत्र विखुरलेल्या लहान, गोल पेशी दिसत होत्या. त्यांना ‘निओब्लास्ट’ हे नाव मिळाले. हॅरिएट रँडॉल्फ या विदुषीने ते १८९०च्या दशकात योजिले; त्याचा अर्थ ‘नवा अंकुर’. आज ज्यांना मूलपेशी म्हणतात, त्यांच्या वर्गातल्याच या पेशी. देहातील इतर पेशी आपापल्या कामात निष्णात झालेल्या असतात. कोणी स्नायू झालेली, कोणी त्वचा, कोणी मज्जापेशी. निष्णात झालेली पेशी मग विभागत नाही. कृमीच्या कायेत विभागण्याचा अधिकार फक्त या मूलपेशींना असतो, आणि एकूण पेशींत त्यांचे प्रमाण २० ते ३० टक्के इतके मोठे असते.

या पेशींवरच सारे अवलंबून आहे, हे सिद्ध व्हायला एक शतक लागले. १९०४ साली बार्डीन आणि बेट्जर या दोघा अमेरिकन संशोधकांनी कृमींवर क्ष-किरण सोडले, तेव्हा त्यांची पुन्हा वाढण्याची शक्ती नाहीशी झाली. विभागणाऱ्या पेशींवर क्ष-किरणांचा घाव सर्वांत आधी पडतो, हे आज सर्वश्रुत आहे. १९४८ साली फ्रान्समध्ये वोल्फ आणि द्युब्वा यांनी देहाचा काही भाग झाकून उरलेल्यावर किरण सोडले. तेव्हा झाकलेल्या भागातील मूलपेशी हळूहळू जखमेकडे सरकत आल्या आणि नवे अंग उशिरा का होईना, उगवले. १९८९ साली बार्सिलोनाच्या बागुन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी कृमीच्या मूलपेशी किरणांनी निर्बीज केलेल्या कृमीत टोचल्या, आणि मरणाच्या वाटेवरचे कृमी त्यामुळे जगले. शेवटी २०११ साली अमेरिकेत पीटर रेडिएन यांच्या प्रयोगशाळेत अशा निर्बीज कृमीत केवळ एक मूलपेशी टोचण्यात आली. ती विभागत गेली, आणि काही कृमींत तिच्या संततीने सगळ्या देहाचा कारभार हाती घेतला. एका पेशीतून मेंदू, आतडे, त्वचा, स्नायू असे सर्व काही होऊ शकते, ही गोष्ट यापुढे वादाची राहिली नाही.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणासही वाटेल की, कोडे सुटले. मूलपेशी हेच बेणे. ते जिथे आहे तिथे नवे अंग येणार, नाही तिथे येणार नाही. वस्तुतः खरी चौकशी येथून पुढे सुरू होते. कृमीच्या सर्व पेशींत आनुवंशिक माहितीचा ग्रंथ एकच असतो. त्वचेच्या पेशीत जी जनुके, तीच मूलपेशीत. मग एकीने त्वचा म्हणून काही दिवसांत झिजून जावे आणि दुसरीने देहच्या देह उभा करावा, हा भेद कशामुळे?

सरकारी कारभाराचा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. मूळ दप्तरात ठराव असतो. त्या ठरावाची नक्कल निघून ती जिल्ह्याच्या ठिकाणी हुकूम म्हणून जाते. पण रस्ता होतो तो हुकुमाने नव्हे. मोजणी करणारा, खडी फोडणारा, रोलर चालवणारा असे लोक प्रत्यक्ष कामावर हजर झाले म्हणजे होतो. पेशीतही असेच आहे. डी.एन.ए. हे दप्तर, आर.एन.ए. ही त्याची नक्कल, आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसे म्हणजे प्रथिने. पेशीला आकार देणारी, अन्न पचवणारी, बाहेरचा निरोप घेणारी, जनुके उघडणारी आणि मिटणारी, सारी प्रथिनेच. ज्याला कारभाराची खरी स्थिती जाणून घ्यायची असेल, त्याने केवळ दप्तर वाचून भागत नाही. हुकूम निघूनही काम न होणे ही गोष्ट पेशीतही घडते. म्हणून मूलपेशीत कोणती प्रथिने कामावर आहेत आणि त्यांतले प्रत्येक काय करते, हा प्रश्न संशोधकांनी हाती घेतला.

एखादा कर्मचारी काय काम करतो हे कळण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे त्याला काही दिवस कामावर येऊ न देणे आणि कोणते काम अडते ते पाहणे. १९९९ साली सांचेझ अल्वाराडो आणि न्यूमार्क या दोघांनी प्लॅनेरियात अशी सोय करून घेतली. विशिष्ट प्रकारचा दुपदरी आर.एन.ए. कृमीच्या शरीरात घातला, की ठरावीक जनुकाचा हुकूम मधल्यामध्ये नष्ट होतो आणि ते प्रथिन तयार होणे थांबते. पुढे हा आर.एन.ए. यकृताच्या लगद्यात मिसळून कृमींना खाऊ घालण्याची युक्ती निघाली. प्लॅनेरियाला यकृत अतिशय प्रिय. अशा रीतीने एकेका जेवणासरशी एकेक प्रथिन कामावरून दूर करून परिणाम पाहता येऊ लागला.

या पद्धतीने जी प्रथिने पुढे आली, त्यांत ‘पीवी’ या घराण्याला विशेष महत्त्व आहे. हे घराणे प्रथम फळमाशीत ओळखले गेले. बहुतेक प्राण्यांत ही प्रथिने प्रामुख्याने बीजपेशींत, म्हणजे पुढची पिढी ज्यांपासून होते त्या पेशींत असतात. आनुवंशिक ग्रंथात इकडून तिकडे उड्या मारून गोंधळ घालणारे काही भाग असतात. त्यांना गप्प बसवून ग्रंथ शुद्ध राखणे हे पीवी प्रथिनांचे मोठे काम. प्लॅनेरियात मात्र ती देहभर पसरलेल्या मूलपेशींत आढळली. इतर प्राणी जो पहारा केवळ वंशासाठी ठेवतात, तो या कृमीने स्वतःच्या देहासाठीही ठेवला आहे.

२००५ साली या घराण्यातील दुसऱ्या क्रमांकाचे प्रथिन कृमीतून दूर करण्यात आले, तेव्हा फार उद्बोधक प्रकार दिसला. मूलपेशी जागच्या जागी होत्या. त्या विभागत होत्या. जखम झाली की तिला प्रतिसादही देत होत्या. पण त्यांची लेकरे झिजलेल्या पेशींची जागा नीट घेऊ शकत नव्हती, आणि कृमी अखेर मरत होते. बेणे होते, डोळा होता, कोंबही निघत होता. परंतु त्याचा ऊस होत नव्हता. मूलपेशी असणे आणि मूलपेशीचे काम पार पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

एकेक प्रथिन दूर करण्याबरोबरच सर्व प्रथिनांची एकदम हजेरी घेण्याचाही उद्योग झाला. जर्मनीतील म्युन्स्टर येथे २०१३ साली पुरा झालेला प्रयोग त्यातल्या कल्पकतेसाठी सांगण्यासारखा आहे. निसर्गात कार्बनचे काही अणू इतरांपेक्षा किंचित जड असतात. रासायनिक वागणुकीत मात्र फरक नसतो. अशा जड अणूंचे ॲमिनो आम्ल ज्यांच्या खाद्यात होते, त्या उंदरांचे यकृत कृमींना खाऊ घालण्यात आले. त्यामुळे कृमींची प्रथिनेही जड झाली. अशा जड प्रथिनांशी तुलना केली, म्हणजे साध्या कृमीत कोणते प्रथिन किती हे अचूक वजन करणाऱ्या यंत्रावर मोजता येते. एका बाजूस धडधाकट कृमी आणि दुसऱ्या बाजूस क्ष-किरणांनी मूलपेशी गमावलेले कृमी ठेवले, की दुसऱ्या बाजूस जी प्रथिने घटली, ती मूलपेशींची असणार, हा तर्क सरळ आहे. या झडतीत एक असे प्रथिन सापडले की, त्याचा संबंध उंदराच्या गर्भातील मूलपेशींशीही निघाला. कृमी आणि उंदीर यांचे पूर्वज कित्येक कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी मूलपेशीचे काही जुने चाकर दोन्ही घरांत टिकून आहेत. कृमीच्या अभ्यासातून माणसाविषयी काही शिकता येईल, ही आशा अशाच साम्यांवर उभी आहे.

२०१८ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे सांचेझ अल्वाराडो यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक पाऊल टाकले. सर्वच मूलपेशी सारख्या सामर्थ्याच्या नसतात. काहींचा कल त्वचेकडे तर काहींचा आतड्याकडे आधीच झुकलेला असतो. मग कोणतेही अंग घडवू शकणारी पेशी ओळखावी कशी? तिच्या पृष्ठभागावरचे ‘टेट्रास्पॅनिन’ नावाचे एक प्रथिन ही तिची खूण ठरली. त्या खुणेवरून जिवंत पेशी वेचून काढणे शक्य झाले, आणि त्यांतली एकच पेशी निर्बीज कृमीला वाचवू शकली. २०११ साली जे साधले होते, ते आता खूण पाहून निवडलेल्या पेशीने साधले.

तथापि पेशी कितीही समर्थ असली तरी तिने कोठे काय व्हावे हे तिला कोणी तरी सांगावे लागते. जखम पुढच्या बाजूस असेल तर डोके, मागच्या बाजूस असेल तर शेपूट, हा निर्णय कोण करते? २००८ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी याचे एकच उत्तर दिले. ‘बीटा-कॅटेनिन’ नावाचे प्रथिन जिथे कार्यरत असते तिथे शेपूट होते. ते दूर केले, तर शेपटीच्या जागीही डोके उगवते. पाच वर्षांनी या ज्ञानाची खरी कसोटी लागली. चपटकृमींच्या काही जाती अशा आहेत की, त्यांच्या शेपटाकडील तुकड्याला डोके येत नाही; तो तसाच मरतो. २०१३ साली जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतील संशोधकांनी अशा तीन जाती घेतल्या आणि हेच प्रथिन आवरून धरले. त्या तुकड्यांना डोकी फुटली. निसर्गाने ज्यांना ही विद्या नाकारली असे वाटत होते, त्यांच्याजवळ ती होतीच. केवळ एक अडसर आड आला होता. पुनर्जननाच्या इतिहासात इतकी धीर देणारी घटना दुसरी क्वचितच सापडेल.

आपल्या देशातही या कृमीवर काम चालले आहे. बंगळूर येथील मूलपेशी विज्ञान व पुनर्जनन वैद्यक संस्थेत दासरधी पलाकोडेती यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, आर.एन.ए.च्या शेपटीला चिकटून त्याचा हुकूम अमलात आणवणाऱ्या एका प्रथिनाचा विचार केला आहे. हे प्रथिन नसले तर त्वचा घडवणाऱ्या पेशींची जुळणी बिघडते आणि जखम नीट मिटत नाही. मग नेमक्या त्या जखमेजवळच्या मूलपेशी वाढेनाशा होतात. मूलपेशीला प्रेरणा बाहेरून, भोवतीच्या त्वचेकडून मिळावी लागते, आणि तीच मिळाली नाही तर जवळ असलेले बळ वाया जाते, असा याचा अर्थ आहे. हुकूम दप्तरात असून भागत नाही, हे येथे दृष्टान्त म्हणून नव्हे तर शब्दशः खरे ठरले.

या विद्येची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. चपटकृमींच्याच मोठ्या कुळात माणसाच्या रक्तवाहिन्यांत बिऱ्हाड करणारा शिस्टोसोमा हा परजीवी आहे. गोगलगायींच्या आश्रयाने पाण्यात वाढून तो माणसाच्या कातडीतून आत शिरतो. जगात वीस कोटींहून अधिक लोकांना त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाची बाधा किंवा भीती आहे. महाराष्ट्रालाही तो अगदीच अपरिचित नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी या रोगाचे ठाणे असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले होते. हा कृमी माणसाच्या रक्तात, संरक्षक पेशींच्या गराड्यात वर्षानुवर्षे कसा टिकतो, याचे एक उत्तर २०१३ साली मिळाले. प्लॅनेरियासारख्याच मूलपेशी त्याच्याही देहात आहेत, आणि झिजलेल्या पेशींची भर त्या घालत राहतात. तेव्हा कृमीला तारणारी प्रथिने कोणती हे कळणे, म्हणजे या रोगजंतूचे मर्मस्थान कळण्याचा मार्ग उघडणे होय. रक्तबीजाला जिंकायचे तर त्याच्या थेंबाचे रहस्य आधी कळले पाहिजे.

सामान्य माणसाने या साऱ्यातून घ्यायचा बोध कोणता? मूलपेशी हा शब्द अलीकडे जाहिरातींत फार ऐकू येतो. अर्धांगवायू, मधुमेह, गुडघेदुखी, मतिमंदत्व अशा अनेक व्याधींवर पेशी टोचून गुण देण्याची आश्वासने दिली जातात, आणि हताश झालेले कुटुंब दागिने विकून त्यामागे धावते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या विकारांवरील मूलपेशींचे रोपण तेवढे प्रस्थापित उपचार म्हणून मानले आणि बाकी सर्व वापर संशोधनाच्या चाचणीपुरता मर्यादित ठेवला. या सावधगिरीचे कारण चपटकृमीने प्रयोगशाळेत पुनःपुन्हा दाखवले आहे. पेशी टोचली म्हणजे अंग आले, असे होत नाही. तिच्या आत योग्य प्रथिने हजर असावी लागतात, भोवतीच्या पेशींनी योग्य वेळी निरोप द्यावा लागतो, आणि वाढ पुरी झाली की थांबण्याची आज्ञाही पाळली जावी लागते. जी वाढ थांबत नाही तिलाच आपण कर्करोग म्हणतो. या कृमीच्या देहात चारांपैकी एखादी पेशी विभागण्यास सिद्ध असते, तरी तो बेढब होत नाही. अन्न मिळाले तर तो वाढतो, उपास पडला तर अंगाची सर्व प्रमाणे राखून लहान होतो. त्याचे खरे वैभव वाढण्यात जितके आहे तितकेच या मर्यादेत आहे.

म्हणून दगडाखालच्या या कृमीकडे पाहताना अपेक्षा माफक ठेवावी, पण निराश होऊ नये. माणसाला तुटलेला हात उद्या परत मिळणार नाही. पॅलासने नोंदवलेल्या आश्चर्यापासून एका पेशीच्या रोपणापर्यंत येण्यास अडीचशे वर्षे लागली, आणि प्रथिनांची ओळख तर आता कोठे होत आहे. परंतु ज्या जातीला डोके येतच नाही असे ठरले होते, तिला ते आलेले पाहिल्यावर, माणसाच्या हृदयाच्या आणि मज्जारज्जूच्या वाटेतही एखादा असाच अडसर पडलेला असेल काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार विज्ञानाला प्राप्त झाला आहे. त्याचे उत्तर शोधणारे लोक आजही बशीतल्या कृमींना यकृताचा घास भरवीत आहेत, आणि कोणत्या घासानंतर कोणते काम अडते याची धीराने नोंद ठेवीत आहेत.